‘इटालियन गार्डन’ करून देणाऱ्यांचा माझा अनुभव : थारोळं वाचलं म्हणून बाग झाली

पाचपैकी तीन तारे देते आहे. त्यातले दोन, ज्या मुलानं तीन दिवस उन्हात उभं राहून आमच्या जागेची लेव्हल काढली, त्याचे. एक रांगेत लावून दिलेल्या अशोकाच्या झाडांचा. बाकीचे दोन का गेले ते सविस्तर लिहिते. आमच्या वरुड-मोर्शीकडे आता बरेच जण शेतात मुक्कामाच्या खोल्या बांधून त्यांच्यापुढे ‘इटालियन गार्डन’ करून घेत आहेत. मला जे तीन लाख चाळीस हजार रुपये मोजल्यावर कळलं, ते त्यांना आधी कळावं असं मनापासून वाटतं. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शहरातली आहे, मंगल कार्यालयांची लॉन आणि फार्महाऊसच्या बागा करून देते, माणसं बोलायला चांगली आहेत.

आधी जागेबद्दल सांगते, कारण सगळं त्या जागेतच आहे. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. मी एकतीस वर्षं गावच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. यांचा संत्रा आहे. घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की जमीन हळूहळू चढत जाते आणि सव्वाशे-दीडशे फुटांवर, वरच्या टोकाला, आजेसासऱ्यांच्या काळची मोटेची विहीर आहे. विहिरीच्या काठावर दगडी थारोळं. नव्या पोरांना हा शब्द माहीत नसतो म्हणून सांगते : बैल उतारावरून खाली गेले की चामड्याची मोट वर येई आणि तिचं पाणी ज्या दगडी कुंडात ओतलं जाई ते थारोळं. तिथून दांडानं पाणी निघे, दांडातून वाफ्यात. थारोळ्याच्या बाजूला शेंदूर लावलेल्या आसरा, म्हणजे पाण्याच्या देवता, आहेत, सात दगड. मोट थांबून पन्नास वर्षं झाली. विहिरीवर आता सौर पंप आहे. पण थारोळं तसंच होतं, आत पालापाचोळा साचलेलं.

बागेची इच्छा माझ्या मनात आली ती २०२३ च्या मे महिन्यात. मुलगी शिक्षणासाठी फ्लॉरेन्सला होती, तिच्याकडे महिनाभर राहिले. एक दिवस ती म्हणाली, “आई, बाबा आपल्यासोबत आले असते तर त्यांना इथून हलवता आलं नसतं,” आणि मला शहराच्या वायव्येला कास्तेल्लो नावाच्या जागी घेऊन गेली. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची ती हवेली. कोसिमो मेदिची सतराव्या वर्षी फ्लॉरेन्सचा ड्यूक झाला आणि पुढच्याच वर्षी, १५३८ च्या सुमाराला, त्यानं निकोलो ट्रिबोलो या शिल्पकाराकडून ही बाग आखून घ्यायला सुरुवात केली. युरोपातल्या पुढच्या कितीतरी बागांनी हिच्याकडून घेतलं. २०१३ मध्ये मेदिचींच्या बारा हवेल्या आणि दोन बागा युनेस्कोच्या यादीत गेल्या, त्यात ही आहे.

आत पाऊल टाकलं आणि मी थांबलेच. समोर संत्र्या-लिंबाच्या कुंड्या. दहा-वीस नाही, पाचशेच्या वर. माणसाच्या कमरेएवढ्या मातीच्या कुंड्या, प्रत्येकीत एक झाड, रांगा अशा की शेवटच्या कुंडीपर्यंत नजर सरळ जाते. मी तीस-पस्तीस वर्षं संत्र्याच्या घरात काढलेली बाई. संत्र्याचा आंबिया बहार फुलला की घरभर वास सुटतो तो मला झोपेतही ओळखू येतो. त्या परक्या देशात मला तोच वास आला.

तिथे एक झाड दाखवतात, बिझारिया. १६४४ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका बागेत कलम केलेल्या झाडावर हे आपोआप उगवलं. एकाच झाडावर आंबट नारिंग, महाळुंग आणि दोन्ही मिसळलेलं पट्ट्यापट्ट्यांचं फळ. मधल्या काळात ते हरवलं असंच सगळे धरून चालले होते. १९८० मध्ये तिथल्या मुख्य माळ्याला त्याची फांदी पुन्हा सापडली. ज्यांनी जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधून कलमं केली आहेत त्यांना हे लगेच समजेल : खुंट आणि डोळा यांचे थर एकमेकांत मिसळून एकच फांदी झाली. पानं पाहिली तर एकाच डहाळीवर दोन घरांची. आणि महाळुंग म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं फळ. भारतातून इराण, तिथून भूमध्य समुद्राकाठी असा त्याचा प्रवास झाला. आपला ‘नारंग’ शब्दही त्याच वाटेनं जाऊन इटलीत ‘अरांचा’ झाला. वर्गात मी व्यापारी मार्ग शिकवले, नकाशे काढले, पण ते सगळं एका कुंडीत उभं असलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

तरी मला बांधून ठेवलं ते पाण्यानं. हवेली खाली, बाग मागे चढत जाणारी. सगळ्यात वर झाडीत एक तळं. तळ्याच्या मधोमध काशाचा म्हातारा, थंडीनं कुडकुडतोय, हात छातीशी घट्ट धरलेले, केसांतून पाणी ठिबकतंय. आम्मानाती या शिल्पकारानं १५६० नंतरच्या वर्षांत तो केला. हा म्हातारा म्हणजे अपेनाइन पर्वत, ज्याच्या पोटातून पाणी येतं तो. त्या तळ्याचं पाणी स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. मधल्या भिंतीत एक गुहा आहे, दगडी प्राण्यांनी भरलेली. तिथे लपवलेल्या नळ्यांतून पाहुण्यांवर पाणी उडायचं. त्याच्याही खाली कारंजं, आणि मग झाडं. पंप नाही, मोटर नाही. नंतर आम्ही रोमजवळच्या तिव्होलीलाही गेलो, कार्डिनल इप्पोलितो द एस्ते याची बाग पाहायला. तिथे तर पिर्रो लिगोरिओ या स्थापत्यकारानं आनिएने नदीचं पाणी गावाखालून बोगद्यानं आणून पन्नासेक कारंजी उडवली आहेत, नुसत्या उतारावर. पण माझं मन कास्तेल्लोतच राहिलं, कारण वर पाणी, खाली घर, मध्ये उतार आणि लिंबूवर्गीय झाडं हे सगळं माझ्या मागच्या दाराबाहेर होतं. विहीर म्हणजे ते तळं. थारोळं म्हणजे ती गुहा. आणि आसरा म्हणजे तो कुडकुडणारा म्हातारा : पाणी कुठून येतं, कोणाचं आहे, हे सांगणाऱ्या.

हे सगळं मनात घेऊन मी त्या संस्थेकडे गेले. इथून खरा अनुभव सुरू होतो.

पहिली भेट चांगली झाली. साहेब स्वतः आले, घरी चहा घेतला, टॅबवर फोटो दाखवले. मी उताराबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले, ते मान हलवत राहिले. आठवड्यानं नकाशा आला. रंगीत, सुबक. मधोमध फायबरचं तीन मजली कारंजं, चार बाजूंना हिरवळीचे चौकोन, कडेला कुंपण, दोन सिंह, घागर घेतलेल्या चार बायका. मी त्यांना तेव्हाच म्हणायला हवं होतं की हे इटालियन नाही. त्या फोटोंतले बरेचसे फ्रेंच धर्तीचे होते. फरक साधा आहे. १४९५ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स इटलीवर स्वारी करून परतला तेव्हा सोबत इटालियन कारागीर घेऊन गेला, त्यात पाचेल्लो नावाचा बागकार होता. तिथून ही कला फ्रान्समध्ये वाढली आणि पावणेदोनशे वर्षांनी व्हर्सायच्या राजवाड्याला पोचली. पण व्हर्सायची जमीन विस्तीर्ण आणि पाण्याला तुटकी. कारंज्यांसाठी सीन नदीवर चौदा चाकांचं प्रचंड यंत्र बसवावं लागलं, तरी सगळी कारंजी एकदम चालत नसत. राजा ज्या बाजूला फिरायला निघे तिकडची सुरू करत. इटालियन बागेला डोंगराची पाठ लागते. तिचं सगळं वैभव उतारातून येतं. आमच्याकडे उतार होता, आणि आम्ही व्हर्सायसारखी सपाट बाग मागवत होतो.

मी सही केली. जानेवारी २०२४ मध्ये काम सुरू झालं.

सुरुवातीला लेव्हल काढायला जो मुलगा आला त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. चोविसेक वर्षांचा असेल. तीन पायांच्या स्टँडवर यंत्र, हातात वही. आमच्या सालदाराला पट्टी धरायला लावून त्यानं दर दहा फुटांवर आकडा घेतला. विहिरीच्या कठड्यापासून मागच्या दारापर्यंत सात फूट दोन इंच उतार, हे त्यानं मला कागदावर दाखवलं. मग दाराच्या बरोबर मध्यातून एक दोरी सरळ थारोळ्यापर्यंत ताणली आणि म्हणाला, “काकू, तुमच्या पूर्वजांनी दार आणि थारोळं एका रेषेत ठेवलंय बघा. चार इंचांचाच फरक आहे.” या घरात मी पस्तीस वर्षं राहिले, मला हे कधी दिसलं नव्हतं. त्या दोरीनं पुढची सगळी बाग ठरवली. संस्था कोणतीही असो, लेव्हल काढणारा माणूस असा मिळाला तर पैसे वसूल.

पण नकाशा आधीच ठरलेला होता. तिसऱ्या आठवड्यात जेसीबी आला. मी वरुडला बँकेत गेले होते. सालदाराचा फोन आला, “बाई, हे लोकं थारोयं तोडून रायले. म्या मशीनीसमोर उभा हाये, तुम्ही लवकर या.” मी आले तेव्हा वरच्या बाजूची माती कापून झाली होती आणि तो माणूस खरंच बकेटसमोर उभा होता. सुपरवायझर म्हणाला, फॉर्मल गार्डनला सपाटी लागते, हा मलबा काढावाच लागेल. आमच्या सालदारानं विचारलं, “पाणी तं खालीच धावते ना जी, मंग कायले सपाट करता?” एवढा एक प्रश्न मी नकाशा पाहतानाच विचारायला हवा होता. काम थांबवलं. कापलेली माती परत ओढायला लावली, त्याचे पैसे वेगळे द्यावे लागले.

आता झाडांबद्दल. संत्रा असलेल्या प्रत्येकानं हा परिच्छेद नीट वाचावा. कुंपणासाठी त्यांनी मधुकामिनीची अडीचशे रोपं आणली. दिसायला सुरेख, छाटायला सोपी, फुलांचा वास मोहरासारखा. पण कामिनी ही लिंबूवर्गीयांच्याच कुळातली, आणि सिट्रस सायला या किडीचं ते आवडतं घर. कढीपत्त्याचंही तसंच. सायला ग्रीनिंग रोग पसरवते, आणि ग्रीनिंग लागलेल्या झाडाला औषध नाही. आमची सातशे झाडं तिथून साठ फुटांवर. यांनी रोपं पाहिली आणि तिथेच बसले. संस्थेच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणाला, आम्ही सगळीकडे हेच लावतो. सगळीकडे संत्रा नसतो. अडीचशे रोपं आम्ही दुसऱ्या दिवशी उपटली. ती परत घेतली नाहीत, पैसेही नाहीत. हा माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. वरुडच्या मातीत काम करायला येणाऱ्यानं वरुडमध्ये काय पिकतं एवढं माहीत करून यायला हवं.

नकाशात बॉक्सवूडही होतं, इटलीत पाहिलं तेच ठेंगणं झुडूप. दीडशे रोपं. मार्चअखेरीस निम्मी करपली, मे महिन्यात एकही उरलं नाही. हिरवळ तशीच. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि आमचा तालुका पाण्याच्या बाबतीत डार्क झोन, म्हणजे जमिनीतल्या पाण्याचा बेसुमार उपसा झालेला. हजार फूट बोअर करूनही कोरडी जाते. संत्र्याच्या आळ्यात थेंब मोजून सोडायचा आणि गवतावर दिवसातून दोनदा तुषार उडवायचे, हे माझ्या हातून होईना. मी हिरवळीचं पाणी बंद केलं. जुन्या इटालियन बागेत हिरवळ हा मुख्य भाग नव्हताच. तिथे छाटलेली सदाहरित झुडपं, दगड, सावली आणि पाणी. फुलंसुद्धा मोजकी. कडक उन्हाच्या देशातल्या माणसांनी उन्हापासून सुटका मिळावी म्हणून केलेली ती योजना आहे. म्हणून तर ती आपल्याला जवळची.

कारंजं एक हॉर्सपॉवरच्या मोटरवर होतं. भारनियमनात बंद. वीज असली तर आमच्या पाण्यातल्या क्षारांनी बारीक भोकं पंधरा दिवसांत बुजायची. सालदार दाभणानं उघडायचा. जुलैच्या पावसात त्याच्या खालचा चौथरा तिरका झाला आणि टाकीला तडा गेला. कारण काळी माती. त्यांनी फरशी आणि चौथरा सरळ काळ्या मातीवर बसवला होता. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. गावातला कुठलाही मिस्त्री हे सांगेल. वर्षभराची देखभाल करारात होती, महिन्याला एक फेरी. दोन फेऱ्या झाल्या. फोन उचलत, गोड बोलत, येत नसत.

अशोक मात्र जगले. इटालियन बागांतल्या सायप्रस झाडांच्या जागी त्यांनी उंच, निमुळते अशोक सुचवले आणि दोरीच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा लावले, खड्डे नीट घेतले, शेणखत घातलं, अंतर चुकवलं नाही. आज ते डोक्याच्या वर गेले आहेत. दारातून पाहिलं की दोन हिरव्या भिंतींमधून नजर थेट थारोळ्यावर जाते.

सप्टेंबर २०२४ पासून आम्ही स्वतः हात घातला. मिस्त्री गावातलेच, साठीच्या पुढचे. मी त्यांना फोनमधले कास्तेल्लोचे फोटो दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले. तळं, गुहा, खालचं कारंजं असं बोट फिरवून म्हणाले, “हे तं मोटेचंच काम हाये बाई. फक्त राजाच्या घरचं.” त्यानंतर मला काहीच समजावावं लागलं नाही.

आधी थारोळं साफ केलं, दरजा चुन्यानं भरल्या. त्याच्या शेजारी आठ फूट लांब, आठ फूट रुंद, चार फूट खोल हौद बांधला, सात हजार लिटर पाणी बसतं. दिवसा सौर पंप विहिरीतून तो भरतो. हा पंप संत्र्यासाठी चालायचाच, वेगळं पाणी उपसत नाही. हौदातून पाणी थारोळ्यात येतं, थारोळ्यातून दगडी दांडानं दोन टप्पे उतरतं. दांडाला मिस्त्रींनी जागोजागी आडवे दगड दिले, त्यावरून पाणी उड्या मारत येतं, आवाज होतो. मुलीनं मला इटलीतल्या बान्याइया गावच्या व्हिला लांते या बागेतल्या अशाच दगडी पाण्याच्या साखळीचा फोटो पाठवला होता. तिथे एक लांब दगडी मेज आहे, त्याच्या मधोमध पाण्याची पन्हळ, जेवताना पेय गार राहावं म्हणून. आम्ही कडुलिंबाखालच्या ओट्याला तशी वीतभर रुंद पन्हळ ठेवली. उन्हाळ्यात त्यात कैऱ्या, काकड्या आणि ताकाची कळशी ठेवतो.

घराजवळ, सगळ्यात खाली, एक दगडी कुंड. त्यात दीड इंची पाइपातून पाणी येतं आणि अंगठ्याएवढ्या तोंडातून वर उडतं. तीन फूट. हौदातलं पाणी सहा फूट उंचावर आहे, तेव्हा त्याहून जास्त उडणं शक्यच नाही, आणि पाइपातल्या घर्षणात थोडं जातं. शहरातल्या चौकात वीस फुटांची कारंजी पाहिलेल्यांना तीन फूट कमी वाटेल. पण हे वीज गेली तरी चालतं. तोंड मोठं असल्यानं क्षारानं बुजत नाही. कुंडातून पाणी पूर्वेकडे वळतं आणि संत्र्याच्या आळ्यांत जातं. वाटेत जे उडून, मुरून जातं तेवढंच जादा. एकही थेंब नाल्याला जात नाही.

मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचला आम्ही हौदाची चावी उघडतो. विदर्भात कूलर का चालतो हे सगळ्यांना माहीत आहे : कोरड्या हवेत पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. वाळ्याच्या ताटीचं तत्त्व तेच. दोन्ही बाजूंना झाडांची भिंत, मध्ये वाहतं पाणी आणि भिजलेला दगड, तिथे बसल्यावर अंगावर येणारी हवा वेगळी असते. गेल्या उन्हाळ्यात मुक्कामाला आलेलं नागपूरचं एक कुटुंब एसीच्या खोलीतून खाटा बाहेर काढून ओट्याजवळ झोपलं.

कुंपणाला कामिनीच्या जागी मेहंदी लावली. आपल्या धुऱ्यावर वाडवडील लावत आले तीच. वर्षातून तीनदा छाटली की भिंतीसारखी सरळ राहते, पाणी फार मागत नाही, आणि पोळ्याला, अक्षय्य तृतीयेला गावच्या पोरी पानं तोडून नेतात. पायवाटेखालची काळी माती दोन फूट काढून मुरूम भरला, वर दगड. दोन पावसाळे झाले, हललेली नाही. पुतळे नकोच म्हटलं. आसरा होत्या तिथेच ठेवल्या, दोरीच्या वरच्या टोकाला. आता दारातून सरळ दिसतात.

कुंड्यांसाठी मला कास्तेल्लोसारख्याच मातीच्या हव्या होत्या. तिकडे फ्लॉरेन्सजवळच्या इम्प्रुनेता गावची माती त्यासाठी नावाजलेली आहे. संस्थेनं प्लास्टिकच्या, मातीच्या रंगाच्या दिल्या होत्या, एका उन्हाळ्यात तडकल्या. शेजारच्या गावच्या कुंभारदादांना रांजणाच्या मापाच्या, पण रुंद तोंडाच्या, जाड काठाच्या कुंड्या सांगितल्या. तीन भट्ट्यांत मिळून चोवीस टिकल्या. एकीला साडेसहाशे रुपये. त्यांत संत्रा, मोसंबी, कागदी लिंबू, ईडलिंबू, नारिंग, आणि दोन महाळुंगं. इटलीत हिवाळ्यात या कुंड्या ‘लिमोनाया’ नावाच्या मोठ्या खोल्यांत नेतात, थंडीनं मरू नयेत म्हणून. फ्रान्समध्ये त्याच खोल्यांना ऑरेंजरी म्हणतात. आमच्याकडे उलटं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चोवीसही कुंड्या जुन्या गोठ्याच्या सावलीत जातात आणि मृगाचा पाऊस पडला की बाहेर येतात. चार माणसं, दोन बांबू, एक सकाळ.

दुरुस्तीचा हा खर्च वर एक लाख दहा हजार आला, मजुरी धरून.

आता संस्थेकडे जाणाऱ्यांसाठी. लेव्हल आणि आखणी त्यांच्याकडून जरूर करून घ्या, तेवढ्यापुरता करार वेगळा मागा, ते देतात. मला नंतर कळलं. अशोकासारखी मोठी रोपंही त्यांच्याकडची निरोगी असतात. पण झाडांची यादी सही करण्याआधी आपल्या शेतातल्या माणसाला दाखवा, आणि शंका आली तर कृषी सहायकाला किंवा नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत विचारा. कामिनी आणि बॉक्सवूड यादीतून काढायला लावा. कारंजं त्यांच्याकडून घेऊ नका. हिरवळीला पाणी कुठून देणार ते आधी ठरवा. देखभालीचे पैसे आगाऊ देऊ नका, फेरी झाली की द्या. आणि जेसीबी येणार त्या दिवशी घरी राहा.

त्यांच्या साहेबांना मी हे सगळं पत्रानं कळवलं आहे. गेल्या दिवाळीत लेव्हल काढणारा तो मुलगा गावाकडे जाताना वाट वाकडी करून आला. आता दुसरीकडे नोकरी करतो. दारात उभा राहून त्यानं वर थारोळ्यापर्यंत पाहिलं, मग वहीत ठेवलेला जुना आकड्यांचा कागद काढून मला दिला. म्हणाला, काकू, हा तुमच्याकडेच असू द्या.

महाळुंगाला यंदा पहिल्यांदा फळ धरलं आहे, दोन. एक कोल्हापूरला अंबाबाईला न्यायचं आहे. दुसरं बियांसाठी झाडावरच पिकू देते आहे. रोपं झाली की ज्यांना हवीत त्यांनी येऊन न्यावीत.